सहदेवची उजळणी

हरिहर सामंतांचा शेवटचा धडधाकट रविवार सोसायटीच्या गेटवर गेला, आणि तो त्यांनी अत्यंत आनंदात घालवला याबद्दल ‘मधुमालती’ सोसायटीत दुमत नाही. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला असलेल्या या सोसायटीत ज्या गोष्टींबद्दल दुमत नाही अशा गोष्टी फार थोड्या आहेत, म्हणून ही मुद्दाम नोंदवली.

गेटजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून सामंत बसले होते आणि समोर वॉचमन सहदेव ताठ उभा होता. तोंडी परीक्षा चालू होती.

“पोस्टमन आला.”

“फोनवर परवानगी, साहेब.”

“पोलीस आले.”

“परवानगी.”

“तुझी बायको डबा घेऊन आली.”

सहदेव जरा घुटमळला. “ती आत कशाला येईल साहेब? डबा मी भायेरच घेईन की.”

“आली असं समज.”

“परवानगी.”

“कुणाची?”

“ज्या घरात जायचं त्या घराची.”

“ती कुठल्या घरात जाणार?”

“कुठल्याच नाय.”

“मग?”

“मग परत पाठवीन.”

“शाब्बास!” सामंत म्हणाले, आणि सहदेवने असा सॅल्यूट ठोकला की शेजारच्या इस्त्रीवाल्याने इस्त्री उचलून धरली.

सामंतांची सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. दुकानदारांच्या तराजूंवर शिक्के मारता मारता त्यांची जगाबद्दल अशी खात्री झाली होती की, जे शिक्का मारलेलं नाही ते खोटं. निवृत्तीनंतर ते सोसायटीचे सेक्रेटरी झाले आणि त्यांनी गेटसाठी एक मोबाइल ॲप आणलं. गाडी येवो की माणूस, वॉचमन ॲपवर नाव टाकणार, सभासदाचा फोन वाजणार, सभासद ‘परवानगी’चं बटण दाबणार, तेव्हाच गेट उघडणार. अपवाद नाही. पूर्वी गॅलरीतून हाक मारून “सोड रे त्याला” म्हटलं तरी चालायचं. पण एका उन्हाळ्यात पोरांनी सहा मजल्यांवरून “सोड रे” करून एकाच दुपारी तीन वेगवेगळे कुल्फीवाले आत घेतले, आणि कुल्फीवाल्यांची आत हद्दीवरून मारामारी झाली. त्या दिवसापासून नियमात पोटकलम आलं: गॅलरीतून दिलेली परवानगी ग्राह्य धरली जाणार नाही.

ही परीक्षा दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून सामंतांची मुलगी निशा ऐकत होती. निशाचं पोट लोकांना शिकवण्यावर, किंवा नेमकं सांगायचं तर लोकांना कसं शिकवावं हे ठरवण्यावर चालतं. माजिवड्याला एका मोठ्या कंपनीत ती कर्मचाऱ्यांची प्रशिक्षणं आखते. गोदामात काम करणाऱ्याला काय, किती, कुठल्या क्रमाने शिकवलं म्हणजे ते त्याच्या अंगात मुरेल, हे ती चौकोन आणि बाण काढून समजावते, आणि साहेबलोक माना डोलावतात. तेव्हा बाबांच्या परीक्षेत कुठे काय खटकतंय हे तिला उघड दिसत होतं. पण सामंतांच्या घरात ‘चुकलं’ हे क्रियापद बाबांना लावायची पद्धत नव्हती. फार तर ‘असंही करता येईल’ एवढं म्हणायचं. जेवताना बांगड्याचा काटा काढत निशा म्हणाली, “बाबा, त्या नियमात असंही करता येईल का, की...”

“नाही,” बाबा म्हणाले. “सोलकढी वाढ.”

सोमवारी सकाळी दाढी करता करता बाबा खाली बसले आणि मग आडवे झाले. निशाने रुग्णवाहिका बोलावली. ती झटकन आली आणि गेटवर थांबली. सहदेवने पढवल्याप्रमाणे सामंतांच्या घराची परवानगी मागितली. परवानगी मागणारा फोन बाबांच्या सदऱ्याच्या खिशात वाजत होता. बाबांना सोडून खाली जाता येईना म्हणून निशाने गॅलरीतून ओरडून सांगितलं. सहदेवने वर बघून हात जोडले आणि म्हणाला, “मॅडम, ग्यालरीतून चालत नाय.” शेवटी तिने खिशातून फोन काढला, बाबांचा अंगठा त्याच्यावर टेकवला, आणि बाबांच्या परवानगीने बाबांसाठी आलेली गाडी आत आली.

डॉक्टर म्हणाले, आधी आणलं असतं तरी काही फरक पडला नसता. पुढे भेटायला आलेल्या प्रत्येकाने हे वाक्य तिला सांगितलं. निशा “हो” म्हणायची आणि चहा विचारायची.

तेरावं झाल्यावर सोसायटीने शोकसभा घेतली. चेअरमन रवींद्र टिपणीस हे एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. ते घरी मीठ मागतानाही ठरावाच्या भाषेत मागतात असं त्यांची बायको सांगते. त्यांनी दोन ठराव मांडले. पहिला, कैलासवासी सामंतांनी घालून दिलेला नियम पितळी फलकावर कोरून तो गेटवर कायमचा लावावा. दुसरा, रुग्णवाहिका अडवून बसणाऱ्या वॉचमनला तत्काळ काढून टाकावं. दोन्ही ठराव एकमताने मंजूर व्हायच्या बेतात होते, आणि दोन्हींचा अनुमोदकही एकच होता.

“सहदेवला काढू नका,” निशा म्हणाली.

सगळे तिच्याकडे बघू लागले. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घराने असं म्हणावं, हे शोकसभेच्या रीतीला सोडून होतं.

सहदेव दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. एमआयडीसीतली त्याची रंगाची कंपनी बंद पडल्यावर पन्नाशीत त्याला ही नोकरी मिळाली होती. हिच्यानंतर आणखी मिळणार नाही, हे त्याला, निशाला आणि टिपणीसांना, तिघांनाही माहीत होतं.

“निशाताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो,” टिपणीस म्हणाले. “पण माणूस मठ्ठ आहे.”

“मठ्ठ नाहीये. शिकवता येईल त्याला.”

“कोण शिकवणार?”

“मी.”

तिला खरं म्हणजे आणखी एक वाक्य बोलायचं होतं. पण समोर हार घातलेले बाबा बसले होते, आणि हारातून ते अगदी ‘नाही, सोलकढी वाढ’ असेच बघत होते. ती खाली बसली. ठरलं ते असं: फलक लागणारच. नियमाला धक्का न लावता निशाताईंनी वॉचमनला रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंब यांच्यापुरतं शिकवावं. वार्षिक सभेत प्रात्यक्षिक व्हावं. जमलं तर सहदेव राहील, नाही तर त्याच दिवशी टोपी-शिट्टी जमा.

कोणत्याही प्रशिक्षणाआधी गरजांची पाहणी करावी, असं निशाचं शास्त्र सांगतं. शास्त्राला ‘मधुमालती’चा व्हॉट्सॲप ग्रुप ठाऊक नसावा. ‘आपल्या वॉचमनला काय काय यायला हवं असं तुम्हाला वाटतं?’ एवढा निरुपद्रवी प्रश्न तिने ग्रुपवर टाकला आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप फुटायच्या बेतात आला. त्याला इंग्रजी यावं. त्याला साप ओळखता यावेत. त्याने तरुण मुलींकडे बघू नये. त्याने तरुण मुलींवर लक्ष ठेवावं. (या दोन सूचना एकाच घरातून, नवऱ्याकडून आणि बायकोकडून आल्या होत्या.) पार्सलमधलं आइस्क्रीम वितळतंय का हे त्याला बाहेरून कळावं. तळमजल्यावरच्या कलावतीकाकूंनी आवाजी संदेश पाठवला: “अगं निशा, त्याला आधी हसायला शिकव. सकाळी दूध आणायला जावं तर हा असा बघतो, जशी काय मीच दूध चोरून आणत्येय!”

टिपणीसांनी सर्व सूचना संकलित करून त्याचा अभ्यासक्रम करावा असं सुचवलं. निशाने हिशेब केला. तो अभ्यासक्रम पुरा करणारा माणूस जिल्हाधिकारी झाला असता. गेटवर कशाला उभा राहिला असता?

शिवाय मध्ये एजन्सी होती. सहदेव सोसायटीचा नोकर नव्हता. तो कल्याणच्या ‘सिंहगर्जना सिक्युरिटी’चा माणूस होता. परवानगी घ्यायला निशा कल्याणला गेली. घाऊक बाजारात कांद्याच्या वखारीवर ऑफिस होतं. मालक पोपटशेठ टेबलावर पंखा लावून बसले होते, कारण छताचा पंखा कांद्याचा वास खाली ढकलायचा.

“ट्रेनिंग?” पोपटशेठ म्हणाले. “मॅडम, आपला हर एक माणूस ट्रेन्ड आहे. सर्टिफिकेट देतो ना आपण.” त्यांनी खणातून सहदेवचं प्रमाणपत्र काढलं. त्यावर सिंहाचं चित्र होतं आणि सिंहाखाली ‘सर्व सुरक्षा कौशल्यांत पारंगत’ असं लिहिलं होतं.

“त्याला काय शिकवलं होतं?”

“युनिफॉर्म, शिट्टी, सॅल्यूट.”

“आणि बाकी?”

“बाकी अनुभवाने येतं.” पोपटशेठ पुढे वाकले. “बघा, माझा प्रॉब्लेम समजा. तुम्ही त्याला शिकवणार म्हणजे तो आधी शिकलेला नव्हता असं होतं. मग हे सर्टिफिकेट कसलं? उद्या कोणी विचारलं तर? शिकलेल्या माणसाला परत शिकवलं तर आधीच्या शिकवण्याचं काय होतं मॅडम?”

शिक्षणशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात निशाला हा प्रश्न भेटला नव्हता. बराच खल झाल्यावर तोडगा निघाला. प्रशिक्षण म्हणायचं नाही, ‘उजळणी’ म्हणायचं. उजळणी शिकलेल्याचीच होते. पोपटशेठ इतके खूश झाले की उठताना म्हणाले, “मग माझी ठाण्याकडची दहाबारा पोरं पण पाठवतो. त्यांची पण होऊन जाऊ द्या. फोटो मात्र काढा. बॅनर मी देतो.”

एक विद्यार्थी होता, त्याचा वर्ग झाला. वर्गाला जागा हवी. सोसायटीचा हॉल होता. पण हॉल वापराचा नियम सामंतांचाच. बारसं, मुंज, वाढदिवस, हळदीकुंकू, साखरपुडा आणि श्राद्ध एवढ्यांसाठीच हॉल मिळेल. ‘उजळणी’ त्यात कुठे बसत नव्हती.

“श्राद्धात घालू का?” टिपणीसांनी सहृदयपणे विचारलं.

“वाढदिवस घाला,” निशा म्हणाली.

त्यामुळे पुढचे चार रविवार ‘मधुमालती’त निशा सामंत यांचा वाढदिवस साजरा झाला. गणवेशातले डझनभर पाहुणे गेटवर यायचे, सहदेव एकेकाचं नाव ॲपवर टाकायचा, आणि परवानगीसाठी फोन वाजायचा तो बाबांचा. कारण घराच्या नावाला अजून बाबांचाच नंबर जोडलेला होता. तो बदलायला ॲपच्या मदतकेंद्राला फोन करावा तर पलीकडची मुलगी मंजुळ आवाजात म्हणायची, “सुरक्षेच्या कारणास्तव, नंबर बदलण्याची विनंती मूळ सदस्यानेच करणं आवश्यक आहे.”

“ते वारले.”

“ओके मॅम. मग त्यांना एक ओटीपी येईल, तो त्यांनीच फोन करून सांगायचा.”

बाबांनी फोनचा पिन कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवलेला तिला मागाहून सापडला होता. ती तो फोन रोज चार्ज करायची आणि पर्समध्ये घेऊन माजिवड्याला जायची. मीटिंगमध्ये तो वाजायचा. इस्त्रीवाला आलाय. कुरिअर आलंय. बाबा गेल्यावरही बाबा दिवसभर परवानग्या देत होते. ऑफिसात कुणी विचारलं की ती म्हणायची, “घरचा फोन आहे.”

वर्ग मात्र तिने शास्त्रशुद्ध घेतला. पहिलं तत्त्व: नवं ज्ञान जुन्या अनुभवाला जोडावं. तिने सहदेवला विचारलं, रंगाच्या कंपनीत तू काय करायचास?

“पिंपं बघायचो, मॅडम. पिंप आलं की लेबल बघायचं, झाकण बघायचं, मग वास घ्यायचा. लेबल एक आणि आत माल दुसरा, असा लय घोळ व्हायचा. लेबलाशी माल जुळला नाय तर पिंप भायेर.”

“वा! म्हणजे येणाऱ्या गाडीकडे तसंच बघायचं. वरचं लेबल बघ, आतला माल बघ.”

सहदेवचा चेहरा उजळला. एवढ्या वर्षांत कंपनीतलं काही कामाला येईल असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून तो पाहुण्यांचा हळूच वास घेऊ लागला. कलावतीकाकूंच्या जावयाने तक्रार केली.

दुसरं तत्त्व: चूक झाली की लगेच, तिथल्या तिथे सांगावं. हे तत्त्व निशाने सद्भावनेने ग्रुपवर कळवलं आणि सभासदांनी ते मनापासून उचललं. आता प्रत्येक जण गेटमधून जाता-येता थांबून सहदेवला लगेच, तिथल्या तिथे सांगू लागला. एक म्हणायचा गेट हळू उघडलंस, पुढचा म्हणायचा फार जोरात उघडलंस.

तिसरं तत्त्व: बरोबर केलं की शाबासकी द्यावी. कलावतीकाकूंनी डब्यात बेसनाचे लाडू केले आणि जाहीर केलं की कुणाला नीट अडवलं की एक लाडू. सहदेवला साखरेचा त्रास आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि तो संकोचाने बोलला नाही. तो लाडू ठाण्याहून आलेल्या पोरांना द्यायचा. पोरं लाडवांसाठी त्याच्या गेटवर उभी राहून जो दिसेल त्याला अडवू लागली. त्या रविवारी टिपणीसांना स्वतःच्या सोसायटीत शिरायला मिळालं नाही.

“निशाताई,” ते रस्त्यावर भाजीची पिशवी घेऊन उभे राहून, फोनवरून, ठरावाच्या भाषेत म्हणाले, “आपलं हे शास्त्र जरा आवरतं घेण्यात यावं.”

निशाच्या जिव्हारी लागलं. कंपनीत तिला बक्षिसं मिळाली होती, काचेची, कोरलेली. आणि इथे एका गेटपुढे तिचं शास्त्र भाजीच्या पिशवीने अडवलं होतं. तिने लाडू बंद केले, सूचना बंद केल्या, पोरांना पोपटशेठच्या बॅनरसकट परत पाठवलं, आणि एकट्या सहदेवला एकच गोष्ट शिकवायला घेतली. रुग्णवाहिका आली की गेट आधी, परवानगी मागाहून.

हॉलमध्ये दोन खुर्च्यांचं गेट केलं. निशा रुग्णवाहिका झाली. ती तोंडाने सायरन वाजवत यायची आणि सहदेव खुर्ची बाजूला करायचा. ती कधी हळू यायची, कधी पाठीमागून यायची, कधी अध्येमध्ये कुरिअर होऊन यायची. तो एकदाही चुकला नाही. शेवटच्या सरावानंतर तो म्हणाला, “मॅडम, हितं जमतंय. तिकडं गेटवर जरा...”

“जरा काय?”

“काय नाय,” तो म्हणाला, आणि खुर्च्या उचलून ठेवू लागला.

प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणारा का अडखळतो ते विचारा, हे शास्त्रात होतं. निशाने स्वतःच ते कितीतरी साहेबांना सांगितलं होतं. पण तिने विचारलं नाही. गेटच्या खांबावर आता पितळी फलक लागला होता. ‘कै. हरिहर सामंत यांच्या आदेशानुसार, परवानगीशिवाय कोणत्याही वाहनास प्रवेश नाही.’ सहदेव रोज सकाळी चिंच लावून तो घासायचा, आणि येता-जाता निशा दुसरीकडे बघायची.

वार्षिक सभा गेटसमोरच्या मोकळ्या जागेत भरली. रुग्ण म्हणून कलावतीकाकूंनी आपण होऊन नाव दिलं होतं. तळमजल्यावरच्या आपल्या ओट्यावर त्या सतरंजीवर निजल्या होत्या. नवी साडी, डोक्याला ओली घडी, आणि मधूनच डोळे किलकिले करून किती लोक जमलेत ते बघणं. रुग्णवाहिका पोपटशेठ पाठवणार होते. खरी रुग्णवाहिका तालमीसाठी मागणं बरं नव्हे, म्हणून त्यांनी आपला टेम्पो पाठवला. चारी बाजूंना कागद चिकटवून त्यावर लाल अक्षरांत ‘ॲम्ब्युलन्स’ लिहिलं होतं. सकाळीच कांदा उतरवून आला होता बिचारा.

टेम्पो हॉर्न वाजवत गेटशी आला. सहदेवने अडसराला हात घातला. मग त्याने नाक वर केलं.

“काय झालं?” टिपणीस ओरडले.

“साहेब, लेबल ॲम्ब्युलन्सचं हाय. माल कांद्याचा हाय.”

सभा हसली. पोपटशेठनी टेम्पोतून डोकं काढलं. “अरे खोल ना! प्रॅक्टिस आहे ही!”

“उघड, सहदेव,” निशा म्हणाली. “रुग्णवाहिका समज.”

सहदेवने अडसर अर्धा उचलला. त्याची नजर खांबावरच्या फलकाकडे गेली. अडसर पुन्हा खाली आला. त्याने फोन काढला आणि रुग्णाच्या घरची परवानगी मागितली.

ओट्यावर कलावतीकाकूंच्या उशाशी फोन वाजू लागला.

“काकू, उचला!” कुणीतरी म्हणालं.

“मी कशी उचलू?” काकू डोळे मिटूनच म्हणाल्या. “मी बेशुद्ध आहे ना!”

मोठा हशा पिकला. फोन वाजत राहिला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. फोन वाजत राहिला. पुढच्या रांगेतलं हसू थांबलं, मग मागच्या. काकूंनी डोळे उघडले, निशाकडे पाहिलं, आणि तोंडावर पदर धरून उठून बसल्या. त्यांचा हात फोनकडे गेला, पण तो उचलावा की नाही हे त्यांना कळेना. वाजून वाजून फोन आपला आपण थांबला.

सहदेव अडसर धरून उभा होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्याला हात मोकळा नव्हता.

“मॅडम, मला येतंय हो,” तो म्हणाला. “तुम्ही शिकवलंत ते सगळं येतंय. पण साहेबांचं नाव लावलंय हितं. साहेबांनी सांगितलेलं मी मोडू कसं? आणि एजन्सीचं पण तेच. परवानगीबगर गाडी आत घेतली तर हजेरी कापतात. गाडी अडवली म्हणून आजवर कोणी कापली नाय.”

पोपटशेठनी डोकं टेम्पोत घेतलं.

टिपणीसांनी घसा खाकरला. “प्रात्यक्षिक अयशस्वी झालं, असं मोठ्या खेदाने नमूद करावं लागतं. तेव्हा पूर्वी ठरल्याप्रमाणे सदर वॉचमनने आपली टोपी आणि शिट्टी...”

“थांबा,” निशा म्हणाली.

ती उभी राहिली. कंपनीत शेकडो लोकांपुढे बोलणारी बाई. पण आज तिला हात कुठे ठेवावेत कळेना. तिने ते समोरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले.

“सहदेव शिकला नाही असं तुम्ही म्हणता. तो उत्तम शिकलाय. आपल्या सोसायटीत एवढं पक्कं काही कुणी शिकलेलं नाही. रविवारी सकाळी खुर्ची टाकून त्याला जे शिकवलं गेलं, ते त्याने सोमवारी सकाळी जसंच्या तसं करून दाखवलं. मी महिनाभर शिकवत होते ती खुर्च्यांच्या गेटची गोष्ट. खऱ्या गेटवर पितळेत वेगळंच शिकवलेलं आहे, आणि तेच पाळलं तर पगार मिळतो. मी असते तर मीही तेच शिकले असते.” ती टिपणीसांकडे वळली. “माझी दुरुस्ती लिहून घ्या. हा नियम रद्द करावा. फलक काढावा. संकटात बोलावलेली गाडी कुणाचीही परवानगी न घेता आत यावी, माणसाचा आवाज गॅलरीतून आला तरी तो ऐकावा, आणि सहदेव इथेच राहावा.”

मग ओट्यावरून, डोक्याला ओली घडी तशीच असलेल्या रुग्णाचा हात वर गेला. त्यामागोमाग एकेक करत बाकीचे. इस्त्रीवाला सभासद नव्हता, तरी त्यानेही हात वर केला. शेवटी पोपटशेठचा हात टेम्पोच्या खिडकीतून बाहेर आला.

“हजेरी कापणार नाही,” पोपटशेठ आतूनच म्हणाले.

टिपणीसांनी हात मोजले आणि पेन उघडलं. लिहिताना ते थांबले. खरं तर भला माणूस; आवाज खाली आणून ते म्हणाले, “निशाताई, इतिवृत्तात कारण द्यावं लागतं. ‘काळानुरूप बदलाची गरज लक्षात घेऊन’ असं घालतो. म्हणजे कैलासवासींच्या नावाला कुठे...”

“नको,” निशा म्हणाली.

“मग काय लिहू?”

“लिहा, बाबांचं चुकलं होतं.”

“अहो, असं कसं...”

“चुकलं होतं, काका. माझ्या बाबांचं चुकलं होतं. ते असते तर आज त्यांच्यासमोर म्हटलं असतं. ते भडकले असते, ताटावरून उठले असते, चार दिवस माझ्याशी बोलले नसते.” तिने खुर्चीची पाठ सोडली. “चाललं असतं हो मला.”